आग सोपी, धुराडं अवघड

ब्रिटनमधल्या एखाद्या जुन्या घरात गॅस फायर बसवायला आलेला जाणता कारागीर बराच वेळ गॅसला हातच लावत नाही. आधी तो रस्त्यावर उभा राहून, मान वर करून छपरावरच्या धुराड्याकडं बघतो. मग आत येऊन दारं-खिडक्या लावतो, दिवाणखान्यातल्या फायरप्लेसच्या पोकळीत एक धूरगोळी पेटवतो आणि धूर कुठं जातो यावर नजर ठेवतो. सगळा धूर वर चढून धुराड्याच्या तोंडातून बाहेर पडला तरच पुढचं बोलणं. माळ्यावर, वरच्या बेडरूममध्ये किंवा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या खोलीत धूर दिसला, तर गिऱ्हाइकानं दुकानातून कितीही देखणा फायर आणलेला असो, तो खोक्यातच राहतो.

गिऱ्हाइकाचं लक्ष ज्वाळेवर असतं, कारागिराचं हवेवर. गॅस जाळून खोली ऊबदार करण्याचं कोडं दीडशे वर्षांपूर्वीच सुटलं आहे. जळून उरलेले वायू खात्रीनं बाहेर कसे जातील आणि त्यांच्या जागी ताजी हवा कुठून येईल, हा प्रश्न मात्र प्रत्येक घरात नव्यानं सोडवावा लागतो. हॅरो-वेम्ब्लीपासून लेस्टर-बर्मिंगहॅमपर्यंत जुनी घरं विकत किंवा भाड्यानं घेणाऱ्या मराठी कुटुंबांच्या तो सहसा ध्यानात येत नाही. साहजिकच आहे, पुण्या-मुंबईत फ्लॅट बघताना पार्किंग बघतात, पाण्याची वेळ विचारतात, धुराडं कोण तपासतं?

हे उपकरण ब्रिटनच्या घराघरांत शिरलं कसं, ते बघण्यासारखं आहे. लंडनमध्ये गॅस पुरवणाऱ्या पहिल्या कंपनीला १८१२ मध्ये सनद मिळाली ती दिव्यांसाठी. कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेला तो गॅस उजेड द्यायचा, पण काजळीही धरायचा. १८५५ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट बुन्सेन यांनी गॅसमध्ये आधीच हवा मिसळून निळी, स्वच्छ आणि प्रखर ज्योत देणारा बर्नर वापरात आणला, आणि गॅसकडून ऊब घेण्याची वाट मोकळी झाली. काही वर्षांतच अशा ज्योतींचे फायर आणि पुढं भाजक्या मातीच्या जाळ्या लालबुंद तापवणारे फायर बाजारात दिसू लागले. तरी त्यांचा खरा प्रसार झाला तो स्पर्धेमुळं. १८८० नंतर विजेचे दिवे आले, उजेडाचा धंदा हातचा जाणार हे गॅस कंपन्यांनी ओळखलं आणि त्या स्वयंपाकघरात आणि फायरप्लेसमध्ये शिरल्या. त्याच दशकाच्या शेवटी पेनी टाकून चालणारे मीटर आले आणि महिन्याचं बिल न परवडणाऱ्या कामगारांच्या घरीही गॅस पोचला.

पुढं नाणं शिलिंगचं झालं. भाड्याच्या एका खोलीत राहून शिकणाऱ्या किंवा नोकरी शोधणाऱ्या माणसाच्या आठवणींत हे मीटर असतंच: नाणं संपलं की आग विझली. इंग्लंडमध्ये शिकायला गेलेल्या हिंदुस्थानी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी असे हिवाळे काढले. १९३२ मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ सुरू झालं तेव्हाच्या लंडनची ऊब अशीच होती, बहुतांशी कोळशाची आणि थोडीफार गॅसची.

कोळशाचं राज्य संपलं ते एका धुक्यामुळं. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धूर आणि धुकं यांचं झाकण बसलं. त्यात सुमारे चार हजार माणसं दगावली, असा तेव्हाचा सरकारी अंदाज. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला, धूरबंदीची क्षेत्रं आखली गेली आणि जुनी कोळशाची फायरप्लेस बदलण्याच्या खर्चातला किमान सात दशांश वाटा स्थानिक पालिका देऊ लागली. गॅस कंपन्यांना याहून चांगली जाहिरात मिळाली नसती.

मात्र तो गॅस स्वतःच विषारी होता. कोळशापासून काढलेल्या गॅसमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असे. न पेटवता तोटी उघडी राहिली तरी जीव जाई. उत्तर समुद्रात १९६५ मध्ये नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ पासून दहा वर्षं एक अचाट मोहीम चालली. नव्या वायूत जुन्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता होती आणि तो जळतही वेगळ्या गतीनं. त्यामुळं देशातल्या सव्वा कोटीहून जास्त ग्राहकांच्या घरी माणसं पाठवून एकूणएक शेगडी, गीझर आणि फायर यांचे बर्नर बदलावे लागले. १९७७ मध्ये हे काम संपलं. मिथेनचा हा वायू फुप्फुसांत गेला तर कोळशाच्या गॅससारखी विषबाधा करत नाही. पण त्याला पुरेशी हवा मिळाली नाही, तर तो जळताना तेच विष तयार करतो. पूर्वी विष पाइपातून घरात यायचं; आता ते घरातच तयार होऊ शकतं, तेही चुकीच्या बसवणीमुळं. पुढची सगळी नियमावली या एका वाक्याभोवती फिरते.

त्याच काळात ब्रिटिशांनी एक जुगाड केला, ज्याचं कौतुक करावंसं वाटतं. बॅक्सी कंपनीच्या ‘बर्म्युडा’सारख्या संचांत फायरप्लेसमध्ये दिसायचा गॅस फायर, आणि त्याच्या पाठीमागं, धुराड्याच्या पोकळीत, अख्ख्या घराचं पाणी तापवणारा बॉयलर दडलेला असायचा. जागा एकच, धूरनळी एकच. एप्रिल २००५ पासून इंग्लंडमध्ये नवा बॉयलर कंडेन्सिंग, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरातली उष्णताही वापरणाऱ्या, जातीचा असणं जवळपास सक्तीचं झालं आणि ही जोडी मोडली. तरीही जुनं घर घेणाऱ्यानं फायरच्या मागं बॉयलर तर नाही ना, हे विचारावं. फायर बदलायला निघालेल्या माणसाला अचानक साऱ्या घराचं हीटिंग बदलण्याचा खर्च समोर दिसतो, तो इथं.

आज दुकानात दिसणाऱ्या फायरमध्ये ढोबळ चार घराणी आहेत. पहिला जुन्या वळणाचा, चौकटीबाहेर थोडा पुढं आलेला, लाल जाळ्यांचा. दिसायला साधा, तापवायला चोख. दुसरा फायरप्लेसच्या आत बसणारा, खोट्या निखाऱ्यांचा. तिसरा निव्वळ शोभेचा: उघड्या जाळीत सिरॅमिकचे कोळसे आणि खालून ज्योत. त्याच्या नावातच ‘डेकोरेटिव्ह’ आहे आणि ते नाव प्रामाणिक आहे. चौथा काचेआडचा, बंद पेटीचा; त्यातला बॅलन्स्ड फ्लू जातीचा फायर ज्वलनासाठीची हवाही बाहेरून घेतो आणि धूरही बाहेर टाकतो, खोलीच्या हवेशी त्याचा संबंधच नाही.

घरांची ऊर्जाक्षमता मोजण्याच्या ब्रिटनच्या सरकारमान्य गणनेत धुराड्याखाली उघड्या बसणाऱ्या शोभेच्या फायरची कार्यक्षमता धरतात २० टक्के. आत बसणाऱ्या उघड्या निखारेवाल्याची ४०, आणि जुन्या वळणाच्या, पुढं आलेल्या पण धुराड्याला नीट बंदिस्त जोडलेल्या फायरची ६३. म्हणजे जितका देखणा, तितका उधळ्या, हा नियम थोड्या अपवादांनी खराच.

हे टक्के पैशांत मांडले की डोळे उघडतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारनं घरगुती दरांना मर्यादा घातली तेव्हा गॅस युनिटला सरासरी सुमारे १०.३ पेन्स होता आणि वीज ३४ पेन्स. ६.९ किलोवॉटचा शोभेचा फायर तासाला ७१ पेन्सचा गॅस खाणार आणि खोलीला देणार जेमतेम १.४ किलोवॉट ऊब. तेवढीच ऊब साध्या विजेच्या हीटरनं ४७ पेन्सला मिळाली असती. वीज गॅसच्या तिप्पट महाग असूनही! ६३ टक्केवाल्या जुन्या फायरनं तीच ऊब २३ पेन्सला दिली असती. ‘गॅस स्वस्त’ हे वाक्य कुठल्या फायरबद्दल बोललं जातंय, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

६.९ हा आकडाही उगाच आलेला नाही. धुराड्याला जोडलेल्या नेहमीच्या गॅस फायरची क्षमता सात किलोवॉटच्या वर गेली की खोलीला कायम उघडा झरोका द्यावा लागतो. ब्रिटिश हिवाळ्यात भिंतीला भोक पाडून गार वारा आत घ्यायला कोण तयार होईल? म्हणून उत्पादक आपले फायर ६.८, ६.९ वर आणून थांबवतात. शोभेच्या उघड्या फायरला मात्र सर्वसाधारणपणे शंभर चौरस सेंटिमीटरचा झरोका लागतो; तशी चाचणी झालेल्या काही लहान मॉडेलांना त्यातून सूट आहे.

आता बसवणीकडं. पूर्वी त्या फायरप्लेसमध्ये कोळसा किंवा लाकूड जळत असेल तर आधी धुराडं झाडून घ्यावं लागतं. नंतर आतला जुना डँपर, म्हणजे धुराड्याचं तोंड कमीजास्त करणारा पत्रा, काढून टाकतात किंवा कायमचा उघडा जखडतात. विटांच्या धुराड्याचं अस्तर शंभर वर्षांत झिजलेलं असलं आणि धूर मध्येच झिरपत असला, तर वरून स्टेनलेस स्टीलचं लवचीक लायनर सोडतात, गॅस फायरसाठी सहसा १२५ मिलिमीटर व्यासाचं. छपरावर पाऊस आणि पक्षी अडवणारी टोपी येते. पक्ष्यांचा मामला किरकोळ समजू नये. जॅकडॉ नावाचा छोटा कावळा ब्रिटनमध्ये धुराड्यातच काटक्या टाकून घरटं करतो, आणि ते धुराडं गच्च बंद करू शकतं. त्यात भर म्हणजे १९८१ च्या वन्यजीव कायद्यानं वापरातलं घरटं हलवता येत नाही. वसंतात फायर बसवायचं ठरवलेल्या कुटुंबाला पिल्लं उडेपर्यंत थांबावं लागतं आणि शेजारी त्यांची चेष्टा करतात.

जुन्या वळणाच्या फायरमागं एक पत्रा असतो, क्लोजर प्लेट. फायरप्लेसचं तोंड तो उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीनं बंद करतो आणि त्यातल्या छिद्रातून फायरची छोटी धूरवाट धुराड्यात शिरते. या वाटेच्या खाली पोकळी राखावी लागते, कारण धुराड्यातून चुन्याचा चुरा, काजळी, विटांचे तुकडे कायम पडत असतात. अस्तर नसलेल्या विटांच्या धुराड्याखाली ही पोकळी किमान २५० मिलिमीटर खोल आणि बारा लिटर मापाची हवी. ती वर्षावर्षाला भरत जाते. भरून धूरवाटेपर्यंत आली की धूर मागं उलटतो आणि खोलीत येतो. नियमावलीत कोपऱ्यात बसलेला हा तपशील, पण फायर दरवर्षी उपसून मागं का बघायचं, याचं उत्तर त्यात आहे. चिकटपट्टी सुटली असली तरी धुराडं फायरऐवजी खोलीतली हवा ओढू लागतं आणि ओढ बिघडते.

पुढच्या फरशीचंही माप ठरलेलं आहे. उघड्या ज्वाळेच्या फायरपुढं न जळणारी फरशी किमान ३०० मिलिमीटर पुढं आणि दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर लागते, आणि तिची कड जमिनीपासून ५० मिलिमीटर उचललेली हवी. घरमालकांना ती उंची खटकते. ती आहे गालिचा फायरपर्यंत सरकू नये आणि रांगतं मूल कड लागून थांबावं म्हणून. मॅन्टेलपीसवर, म्हणजे फायरप्लेसवरच्या फळीवर, टीव्ही टांगण्याची जी फॅशन आली आहे तिच्याबद्दल फायरच्या पुस्तिकेत अंतरं दिलेली असतात. ती वाचणारा माणूस विरळा.

गॅसची जोडणी या सगळ्यात लहान भाग. मीटरपासून जाड तांब्याची नळी येते आणि शेवटच्या टप्प्यात आठ मिलिमीटरची बारीक नळी फायरला जाते; तिथंच एक कोपऱ्याचा नॉब असतो, ज्यानं फायरपुरता गॅस बंद करता येतो. विटांमधून जाणाऱ्या नळीभोवती बाही घालतात आणि तिची फट बुजवतात. नैसर्गिक वायूचा फायर सुमारे २० मिलिबार दाबावर चालतो, प्रोपेन सिलिंडरचा ३७ वर. खेड्यातल्या, पाइपगॅस नसलेल्या घरात शहरातला फायर नेऊन जोडता येत नाही. बर्नरची तोटीच वेगळी.

मग पुन्हा हवेची परीक्षा. फायर पूर्ण आचेवर काही मिनिटं चालवून त्याच्या तोंडाच्या वरच्या कडेला धुराची काडी धरतात. धूर आत ओढला गेला पाहिजे. त्यानंतर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा पूर्ण वेगात लावून, मधली दारं उघडून हीच चाचणी पुन्हा. ही दुसरी फेरी गाळणारा कारागीर अर्धंच काम करून गेला, असं समजावं. जोरकस चिमणीवाला पंखा फोडणीचा धूर बाहेर टाकतो तेव्हा तितकीच हवा त्याला घरातून हवी असते, आणि घर घट्ट बंद असेल तर ती धुराड्यातून खाली येते, फायरच्या धुरासकट. रोजची फोडणी आणि जोरदार पंखा असलेल्या मराठी घराला हा मुद्दा इंग्रज शेजाऱ्यापेक्षा जास्त लागू आहे. जुन्या खिडक्या काढून डबल ग्लेझिंग बसवलं, फटी बुजवल्या, तरी चाचणी नव्यानं करावी. पाच वर्षांपूर्वी पास झालेलं घर आता वेगळं घर आहे.

हे काम पैसे घेऊन करणाऱ्याची नोंदणी कायद्यानं बंधनकारक आहे. आधी ‘कॉर्गी’ ही नोंदणी होती. १ एप्रिल २००९ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये तिची जागा ‘गॅस सेफ रजिस्टर’नं घेतली. लोक कारागिराचं ओळखपत्र समोरून बघतात, उलटून बघत नाहीत. मागं लिहिलेलं असतं तो कोणकोणत्या कामांत पात्र आहे. बॉयलरचा परवाना असलेला माणूस फायरसाठी पात्र असेलच असं नाही. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांतला २६ (९) हा नियम सांगतो की काम झाल्यावर चार गोष्टी तपासल्याच पाहिजेत: धूरनळी, हवेचा पुरवठा, गॅसचा दाब किंवा फायर किती उष्णता खातो ते, आणि उपकरण सुरक्षित चालतं की नाही. नव्या बसवणीची नोंद स्थानिक पालिकेकडं जाते आणि घरमालकाला प्रमाणपत्र येतं. घर विकताना वकील तेच मागतो, त्यामुळं ते कागदांच्या ढिगात हरवू देऊ नये.

देखभालीत सगळ्यात मोठा गैरसमज आहे तो पायलटबद्दल, म्हणजे फायर पेटवणाऱ्या बारीक ज्योतीबद्दल. ‘फायर सारखा विझतो’ ही तक्रार आली की लोक थर्मोकपल बदलायला सांगतात. थर्मोकपल म्हणजे दोन धातूंचं टोक. पायलटच्या आचेत ते तापलं की अगदी थोडा विद्युत दाब तयार होतो आणि त्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. बहुतेक नव्या फायरमध्ये हीच रचना पहारेकऱ्याचं काम करते. खोलीतला प्राणवायू घटला की पायलट ज्योत टोकापासून उचलली जाते, टोक थंड होतं, व्हॉल्व्ह मिटतो. तेव्हा विझणारा फायर कदाचित अगदी बरोबर वागत असतो आणि दोष धुराड्यात असतो. कदाचित पायलटच्या बारीक हवाछिद्रात धूळ किंवा कुत्र्या-मांजराचे केस अडकलेले असतात. कारण शोधायचं जाणत्यानं. पहारेकऱ्याला बगल देऊन फायर चालू ठेवण्याचा उद्योग कुणी करू नये, आणि ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला घराबाहेर काढावं.

दुसरा घोळ निखाऱ्यांचा. सिरॅमिकचे कोळसे कसे रचायचे याचं चित्र पुस्तिकेत असतं आणि ते सजावटीसाठी नसतं. ज्योतीच्या वाटेत चुकीचा तुकडा आला की ती थंड होते, जळणं अपुरं राहतं, काजळी धरते. साफसफाईत कोळसे काढून ‘असे जास्त छान दिसतात’ म्हणून वेगळे रचणं, दुसऱ्या दुकानातून आणखी चार खडे आणून टाकणं, शेंगांची टरफलं आणि कागदाचे बोळे त्यात फेकणं, हे सगळं वर्ज्य. निखारे इतके खरे दिसतात की पावसाळी संध्याकाळी मक्याचं कणीस भाजायची इच्छा होते, ती आवरावी. साध्या फायरमध्ये निळी ज्योत पिवळी झाली तर ती खूण समजतात, पण निखारेवाल्या फायरची ज्योत मुद्दामच पिवळी ठेवलेली असते. तिथं बघायचं ते काजळीकडं: कोळशांवर नव्यानं साचणारी, चौकटीच्या वर भिंतीला चढणारी, खिडकीवरून न हटणारं बाष्प सोबत घेऊन आलेली.

घरच्या माणसानं करण्यासारखं काम थोडंच: झरोका मोकळा ठेवणं, फायर गार असताना बाहेरची धूळ हलक्या हातानं काढणं, खोलीत अलार्म असणं. झरोक्यात गार वारा येतो म्हणून जुने मोजे किंवा वर्तमानपत्र कोंबलेलं कारागिरांना इतक्यांदा सापडतं की ते आधी तिथंच बघतात. बाकी सारं वर्षातून एकदा नोंदणीकृत माणसाचं: फायर उपसून मागची पोकळी साफ करणं, बर्नर आणि पायलट झाडणं, दाब मोजणं, पट्टी नवी करणं, धुराच्या चाचण्या पुन्हा. फार जुन्या फायरमध्ये ॲस्बेस्टॉसचे भाग असू शकतात. ते घरी उघडायचेच नाहीत.

भाडेकरूंना कायद्याचं पाठबळ आहे. घरमालकानं दर बारा महिन्यांत आपल्या प्रत्येक गॅस उपकरणाची आणि धूरनळीची तपासणी करून घ्यायची आणि तिचा दाखला २८ दिवसांत राहणाऱ्यांना द्यायचा. महाराष्ट्रातून मास्टर्स करायला गेलेल्या आणि पाच-सहा जणांत जुनं घर भाड्यानं घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी करारावर सही करण्यापूर्वी हा कागद मागावा. अर्थात, तपासणी म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. तपासणीत उपकरण आज सुरक्षित आहे का ते बघतात. आतून उघडून साफ करणं हे वेगळं काम. काही घरमालक पहिलं करून दुसरं झाल्यासारखं बोलतात.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पाइपातल्या गॅसला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. जळून तयार झालेल्या विषाला तसा काही नसतो. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट आवेगानं चिकटतं. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, ताप मात्र नसतो. म्हणून लोक फ्लू समजून पांघरूण घेऊन त्याच खोलीत झोपतात. घराबाहेर पडलं की बरं वाटतं आणि परतलं की पुन्हा सुरू होतं, किंवा घरातल्या सगळ्यांना एकदमच होतं, तेव्हा संशय घ्यावा: फायर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर येऊन ०८०० १११ ९९९ या राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांकावर फोन, आणि डॉक्टर.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरातल्या, गॅस फायर किंवा बॉयलर असलेल्या प्रत्येक राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा झाला. स्कॉटलंडनं त्याच वर्षी फेब्रुवारीत स्वतःच्या मालकीच्या घरांनाही तो लागू केला. अलार्म फायरपासून एक ते तीन मीटरवर, छताला किंवा भिंतीवर उंच लावायचा. कपाटात किंवा पडद्यामागं नाही. युरोपीय मानकाप्रमाणं हवेत दहा लाखांत ३०० भाग विष असेल तर तो तीन मिनिटांच्या आत वाजला पाहिजे, ५० भाग असेल तर तास-दीड तासात. त्याचंही आयुष्य संपतं. मागच्या बाजूची तारीख बघून तो बदलावा लागतो.

हे सारं लांबच्या थंड देशाचं वाटलं तरी महाराष्ट्रात हेच रसायनशास्त्र बाथरूममध्ये भेटतं. लहान, बंद बाथरूममध्ये लावलेल्या गॅस गीझरमुळं आंघोळीला गेलेलं माणूस बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. सिलिंडर असो वा पाइपगॅस, फरक पडत नाही. गीझर बाथरूमबाहेर हवा आणि धूर बाहेर न्यायची नळी हवी, हे सांगणारे विक्रेते आहेत; पण ती नळी प्रत्यक्ष बसली आहे की नाही, हे कुणी धुराची काडी धरून बघत नाही. ब्रिटनकडून उचलण्यासारखं काही असेल तर ती काडी.

धुराडंच नसलेल्या घरासाठी ‘फ्लूलेस’ फायर निघाले. त्यात उत्प्रेरक बसवलेला असतो, तो विषारी वायूचं रूपांतर करतो आणि सगळी ऊब खोलीतच राहते, म्हणून सरकारी गणनेत त्यांची कार्यक्षमता ९० टक्के धरतात. आकडा मोहक, पण मिथेन जळताना पाणीही तयार होतं: एक घनमीटर वायूमागं सुमारे दीड लिटर. रोज संध्याकाळी तीन-चार तास फायर चालला तर लिटरभराहून जास्त वाफ त्याच खोलीत सुटते, खिडक्या घामेजतात, कोपऱ्यात बुरशी येते. त्यासाठी पुन्हा झरोका आणि खोलीचं किमान आकारमान यांची अट आहेच. अमेरिकेत अशाच विनाधुराड्याच्या फायरना कॅलिफोर्नियानं घरात बंदी घातली आहे. तिथल्या नव्या घरांत दिसतो तो भिंतीतून आरपार नळी जाणारा बंद पेटीचा फायर. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतीच्या हवा मंडळानं नोव्हेंबर २०१६ पासून नव्या बांधकामात लाकडाची फायरप्लेस बंद केल्यानं तो आणखी पसरला. तिथली मराठी घरं भिंतीवरचं बटण दाबून आग लावतात, आणि काच किती तापते हे पाहुण्यांच्या मुलांना आधी सांगतात. तुलनेत हाच प्रकार सर्वांत शहाणा: खोलीच्या हवेला तो हातच लावत नाही.

ब्रिटनमध्ये गॅस फायरचे दिवस आता ओसरत आहेत. सेंट्रल हीटिंग जवळजवळ प्रत्येक घरात आहे. १ एप्रिल २०२४ पासून स्कॉटलंडनं नव्या घरांत गॅस बॉयलर बंद केले. बॉयलर काढून हीट पंप बसवायला इंग्लंड आणि वेल्समध्ये ७,५०० पौंडांपर्यंत अनुदान मिळतं, आणि इथं फायरची खरी अडचण येते. बॉयलर गेला पण दिवाणखान्यातला फायर ठेवला, तर मीटर ठेवावा लागतो आणि वापर असो-नसो, रोजचे तीसेक पेन्स स्थिर आकार भरावे लागतात. नाताळच्या चार संध्याकाळींसाठी वर्षाला शंभरावर पौंड. अनेक घरांत फायर जातो तो धोक्यामुळं नव्हे, या हिशेबामुळं.

काढतानाही कारागीर लागतोच. नळीचं टोक नोंदणीकृत माणसानं बंद करायचं आणि गळतीची चाचणी घ्यायची. धुराडं मात्र ठार बुजवायचं नाही. वर पावसाची टोपी आणि खाली भिंतीत छोटी जाळी ठेवून हवा खेळती ठेवतात; नाहीतर जुन्या काजळीतले क्षार ओल ओढतात आणि नव्या रंगावर पिवळे डाग उमटतात. धुराड्याचा भिंतीतला भाग पाडून खोली मोठी करायची असेल, तर त्याच्या विटांवर शेजाऱ्याचाही भार असू शकतो, आणि रांगेतल्या घरांत त्याच्या चालू फायरची धूरनळी त्याच स्तंभातून जात असते. अशा सामाईक कामासाठी इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ च्या पार्टी वॉल कायद्यानुसार शेजाऱ्याला किमान दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते.